प्रतिसाद: पोह्यांपेक्षा उपमा बरा

शाळेत मुलांना सकाळी नाश्ता द्यायचा तर पोहे सोपे, असं एकाने सुचवलंय. पण वाढायला अर्धा तास लागला की पोहे कोरडे पडतात आणि लहान मुलं टाकून देतात. तमिळनाडूत २०२२ पासून पहिली ते पाचवीला उपमा, खिचडी, पोंगल देतात, वर सांबार. माणशी ५० ग्रॅम रवा किंवा तांदूळ, १५ ग्रॅम डाळ.

म्हणजे समजा ६० मुलं असतील, तर उपम्याला ३ किलो रवा. तो आदल्या संध्याकाळीच भाजून ठेवा. पाणी मापाने तिप्पट, खळखळून उकळलेलं. एकाने रवा सोडायचा, दुसऱ्याने ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. थोडा सैलच उतरवा, निवताना घट्ट होतो.

आणि कृपया नाश्त्यासाठी फक्त गरीब मुलांची वेगळी यादी करू नका. उपाशी आलेली मुलंच लाजेने रांगेत येत नाहीत.