‘आसन्न मूल्य’ म्हणजे अंदाजच का?

प्रश्न: समाकलनात, म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ काढताना, ‘आसन्न मूल्य’ हा शब्द वारंवार येतो. तो ‘अंदाज’ याच अर्थाने घ्यायचा का? आणि समलंब, मध्यबिंदू, सिम्प्सन यांपैकी सर्वांत अचूक नियम कोणता?

उत्तर: ‘आसन्न’ म्हणजे जवळ आलेला, ‘आसन्नमरण’ शब्दात तोच आहे. अंदाज नुसता बांधता येतो. आसन्न मूल्याबरोबर मात्र ‘चूक फार तर इतकी’ असं सांगता आलं पाहिजे. म्हणून गणितात हे दोन शब्द वेगळे ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

१/क्ष या फलनाचं १ ते २ समाकलन घ्या. खरं उत्तर ०.६९३१४७. चार भाग पाडले तर समलंब नियम (प्रत्येक भागाची दोन टोकं सरळ रेषेने जोडणारा) ०.६९७०२४ देतो, मध्यबिंदू नियम (प्रत्येक भागाच्या मधल्या बिंदूची उंची घेणारा) ०.६९१२२०. हा वक्र मध्ये खाली झुकलेला, त्यामुळे दोन बिंदू जोडणारी रेषा त्याच्या वरून जाते आणि समलंबाचं उत्तर जास्त येतं. मध्यबिंदूचं कमी येतं, पण त्याची चूक जवळपास निम्मी. मग मध्यबिंदूचं उत्तर दोनदा, समलंबाचं एकदा घ्या आणि बेरजेला तीनने भागा: ०.६९३१५५. चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन टाकतात! हाच आठ भागांचा सिम्प्सनचा नियम.

प्रश्न: मग नेहमी सिम्प्सनच वापरावा ना?

उत्तर: नाही. अचूकता एकट्या नियमाची नसते, समोर फलन कोणतं आहे तेही पाहावं लागतं. सिम्प्सनच्या त्रुटीच्या सूत्रात चौथा अवकलज (फलनाच्या बदलाचा दर लागोपाठ चार वेळा काढून मिळणारा) आहे. क्ष च्या वर्गमुळाचा चौथा अवकलज शून्यापाशी अनंताकडे जातो. एरवी भाग दुप्पट केले की सिम्प्सनची त्रुटी सोळाव्या हिश्शावर येते. ० ते १ वर वर्गमुळासाठी ती जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उतरते. उलट गुळगुळीत आवर्ती (ठरावीक अंतराने तेच रूप पुन्हा घेणाऱ्या) फलनाचं पूर्ण आवर्तनावर समाकलन करायचं असेल, तर साधा समलंब नियम सहसा सिम्प्सनला मागे टाकतो. हे मला फार सुंदर वाटतं. त्यामुळे ‘सर्वांत अचूक नियम’ असं न लिहिता ‘या फलनासाठी कमी त्रुटीचा नियम’ असं लिहावं.

टोकाला फलनाची किंमतच नसेल, तर मध्यबिंदू नियम निदान मांडता येतो, कारण तो टोकांना हात लावत नाही. आणि सूत्र नसून नुसत्या नोंदी असतील, त्याही असमान अंतरावरच्या, तर सरळ समलंब घ्या.