शब्दचर्चा : ‘आवाहन’, ‘वेठ’ आणि मांत्रिकाने बांधलेला जिन्न

प्रश्न, पणजीहून

मांत्रिक आणि त्यांनी बोलावून आणलेले जिन्न अशा विषयावरची फॅन्टसी मालिका मराठीत लिहिताना काही शब्दांपाशी गाडी अडते. या प्रकाराचे संकेत ठरलेले आहेत. मांत्रिक जमिनीवर आकृती काढतो, मंत्र म्हणून जिन्नाला हजर करतो, काम सांगतो, काम झाले की सोडतो. जिन्न हजारो वर्षांचा, हुशार, आणि आतून धुमसणारा. मांत्रिकाचे खरे नाव त्याला कळले की पारडे फिरते. बऱ्याचदा जिन्नाची प्रकरणे ‘मी’ने सांगितलेली असतात आणि मांत्रिकाची ‘तो’ने. ‘हजर करणे’ आणि ‘सोडणे’ यांसाठी ‘आवाहन’ आणि ‘विसर्जन’ चालतील का? गोव्यातल्या वाचकाला जवळचे वाटावे म्हणून जिन्नाला ‘देवचार’ म्हणावे का? हुकूम आणि संबोधने यांबद्दलही जाणकारांनी लिहावे.

फोंड्याहून

‘आवाहन’ घेऊ नये. षोडशोपचारांतला तो पहिला उपचार. त्याच्या मागोमाग आसन, पाद्य, अर्घ्य येतात, म्हणजे आलेल्याला बसायला द्यायचे, पाय धुवायचे. बोलावणारा लहान आणि येणारा मोठा हे या शब्दात गृहीतच आहे. विसर्जनाचेही तेच. उत्तरपूजेतला निरोपाचा मंत्र ‘पुनरागमनाय च’ असा संपतो, म्हणजे निरोप देतानाच परत येण्याची विनंती. तुमच्या जिन्नाला पुन्हा या जगात पाऊलही टाकायचे नसते. हे दोन शब्द वापरले की धनी आणि राबणारा यांचे नाते पहिल्याच पानावर बिघडते, मग पुढे कितीही संवाद लिहा, त्याची चीड वाचकाला पटत नाही.

शिवाय ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांची गल्लत छापील मजकुरातही सर्रास होते. मांत्रिकाने जिन्नाला ‘आव्हान’ केले असे छापले गेले तर त्याने त्याला लढायला बोलावले असा अर्थ होईल.

‘हजर करणे’ साधे आहे आणि पुरेसे आहे. ‘पाचारण करणे’ दरबारी थाटाचा शब्द, वरच्याने खालच्याला बोलावण्याचा. मांत्रिकांचे राज्य असेल आणि त्यांचे फर्मान, दप्तर, अर्ज दाखवायचे असतील तर तिथे तो शोभेल. जिन्न स्वतः सांगत असेल तेव्हा मात्र ‘मला ओढून आणले’ असेच लिहावे. एकाच घटनेला मांत्रिकाच्या प्रकरणात ‘पाचारण’ आणि जिन्नाच्या प्रकरणात ‘ओढून आणणे’ म्हटले की दोन निवेदकांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जिन्नाच्या एकूण स्थितीला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वेठ. मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. वर्तमानपत्रांनी ‘वेठीस धरणे’ हा प्रयोग संप आणि मोर्चांपुरता उरवला आहे, पण मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ‘सहाव्यांदा वेठीला जुंपला गेलो’ एवढ्या वाक्यात जिन्नाचा इतिहास येतो.

डिचोलीहून

देवचाराबद्दल ठामपणे सांगते : नको. गोव्यातला देवचार हा राखणदार. गावाची शीव, शेत, बांध, पाण्याची जागा यांचा सांभाळ करणारा. हातात काठी, खांद्यावर कांबळे, पायांत वाहाणा असे त्याचे वर्णन घरोघर सांगतात. त्याला रोट, केळी, विडी, सोरो (दारू) अर्पण करतात. साळ गावात होळीच्या दिवसांत गडे उत्सव होतो, तिथेही डोंगरावरच्या मशाली देवचारांच्या मानल्या जातात आणि गडे, म्हणजे उत्सवातले भक्त, त्यांच्या मागे धावतात. बोलावणे, वाट दाखवणे, शिक्षा करणे हे सगळे देवचाराच्या बाजूने होते. त्याला कोणी खडूच्या रेघेत उभा करून ‘जा, अमुक आण’ म्हणतो हे आमच्या भागातल्या वाचकाला खटकेल.

दुसरी अडचण अशी की ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. एकाच गावातली दोन घरे हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. मालिकेत देवचार आणायचा असेल तर स्वतंत्र, कोणाच्याही हुकमात नसलेली शक्ती म्हणून आणा. मांत्रिकाने त्याच्या हद्दीत आकृती काढली आणि जिन्न आत यायला कचरला, असा प्रसंग मोलाचा ठरेल.

जिन्नांच्या पायऱ्यांसाठी अरबी नावेच ठेवावीत : जिन्न, इफ्रित, मारिद. मारिद या शब्दात बंडखोरीचा अर्थ आहे, तो कथेला उपयोगी पडतो. खालच्या पायरीला ‘खवीस’ द्यावा. तो अरबीतूनच मराठीत आला आणि इतका मुरला की परका वाटत नाही. समंध, मुंजा, हडळ यांना या उतरंडीत कोंबू नये. ती मेलेल्या माणसांची भुते आहेत, त्यांच्यामागे माणसाचे आयुष्य आणि अपुरी इच्छा असते. जिन्न मुळातच माणूस नव्हता. हा भेद पुसला तर ‘आम्ही तुमच्यासारखे नाही’ हे जिन्नाचे म्हणणे पोकळ होते.

काणकोणहून

डिचोलीच्या ताईंचे म्हणणे वेताळालाही लागू आहे. आमोणे, लोलये, पैंगीण इथे वेताळ देव म्हणून पुजला जातो, त्याला चामड्याच्या वाहाणा वाहतात, कारण रात्री गावभर फिरून त्याच्या वाहाणा झिजतात. सासष्टीत बेताळभाटी या गावाच्या नावातही तोच आहे. तेव्हा नाव नको.

पण रचना जरूर घ्या. बांधलेला जीव धन्यापेक्षा शहाणा आणि तोंडाळ असतो, हा संकेत परदेशातून आणावा लागत नाही. अकराव्या शतकात सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा आल्या आहेत, त्यांची चौकट बघा. राजाने गप्प राहून प्रेत एका योग्याकडे न्यायचे. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध आहेत म्हणून गोष्ट पुढे सरकते. शेवटच्या प्रश्नाला राजा खरोखर निरुत्तर होतो, म्हणून गप्प राहतो, आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन सांगतो की ज्या योग्यासाठी तू हे करतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे. सुटकेची युक्तीही तोच देतो : साष्टांग नमस्कार कसा घालतात ते आधी तू दाखव, असे योग्याला म्हण.

यातून घ्यायचे ते असे. जिन्नाला पळवाट शोधायला लावायची तर त्याच्यावर किमान दोन बंधने हवीत आणि ती कुठेतरी एकमेकांना छेदायला हवीत. एकच बंधन असेल तर तो ते पाळेल किंवा मोडेल, कथेला तिसरी वाट राहत नाही.

म्हापशाहून

आकृतीच्या शब्दांत घोटाळे फार होतात. पाच टोकांचा तारा म्हणजे ‘पंचकोन’ नव्हे. पंचकोनात रेघा एकमेकींना छेदत नाहीत, ताऱ्यात छेदतात. ‘पाच टोकांचा तारा’ असे सरळ लिहावे. ‘मंडल’ आणि ‘यंत्र’ पूजेतले शब्द आहेत, त्यांना वरची ‘आवाहना’ची अडचण लागू होते.

त्याआधी लेखकाने आत कोण उभे आहे ते ठरवावे. सतराव्या शतकातल्या इंग्रजी मंत्रग्रंथांत मांत्रिकाचे वर्तुळ 9 फुटांचे, त्याच्यापासून 2 फुटांवर 3 फुटांचा त्रिकोण, आणि हजर होणारा त्रिकोणात. म्हणजे दोन आकृत्या, दोन कामे. एक राखते, दुसरी अडकवते. राखणारीसाठी ‘रिंगण’, आणि ते मंत्राने बंद करण्यासाठी ‘दिग्बंध’ उत्तम, कारण दिग्बंध साधकाच्या रक्षणासाठीच असतो. अडकवणारीला मी ‘खोडा’ सुचवतो. जुन्या काळी कैद्याचे पाय ज्यात अडकवत तो लाकडी खोडा. जिन्नाच्या तोंडी तर तो फारच शोभेल.

चुकीसाठीही दोन शब्द वेगळे ठेवा. ‘रेघ पुसली’ म्हणजे आधी नीट होती, मग अंगरख्याची कड घासली, पाणी सांडले, पाय पडला. ‘रेघ जुळली नाही’ म्हणजे काढतानाच फट राहिली, दोष शागिर्दाच्या हाताचा. पहिल्यात अपघात, दुसऱ्यात हयगय. गोव्यातले घर दाखवणार असाल तर जमिनीचा विचार करा : पावसाळ्यात गुळगुळीत लाल सिमेंट ओलसर होते आणि खडू नीट उमटत नाही. सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाची रेघ छान दिसते, पण तिला मुंग्या लागतात. एका मुंगीने नेलेला कण हा रिंगण फुटण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे.

मडगावहून

हुकुमाच्या भाषेबद्दल. जिन्न शब्द पाळतो, हेतू पाळत नाही, या संकेतावर अर्धी मालिका उभी असते. मग मराठीत कुठे फसता येते ते मराठीतूनच काढले पाहिजे. परभाषेतली कोटी मराठीत आणली की ती मेलेलीच येते.

‘परवा’ हा शब्द पहिला. मागचा आणि पुढचा दोन्ही. ‘परवाच्या रात्रीचे पहाऱ्याचे कागद आण’ म्हटले की जिन्न कुठल्याही रात्रीचे आणू शकतो. ‘आपला’ दुसरा. ‘आपली तलवार घेऊन ये’ यात तलवार माझी, तुझी, की दोघांची? हुकूम देणारा आदराने बोलत असेल तर आणखी गुंता. तिसरे, कर्ता गाळण्याची सवय. ‘दार उघडले की आत जायचे’, पण दार कोणी उघडायचे हे सांगितलेच नाही, म्हणून जिन्न दाराशी महिनाभर बसून राहील आणि हुकूमही मोडणार नाही.

आणि एका अक्षराने हुकूम फिरण्याची आठवण तर प्रत्येक मराठी माणसाजवळ आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि आख्यायिका अशी की ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. ‘ध चा मा’ एवढे शब्द पुरतात. मंत्रोच्चारात शागिर्दाची जीभ घसरण्याच्या प्रसंगी त्याचा नुसता उल्लेख करावा, समजावून सांगू नये.

म्हणून जाणता मांत्रिक ‘जा’ म्हणणार नाही. तो काम, जागा, मुदत, मनाई आणि परतीची वेळ अशा क्रमाने बोलेल : ‘उद्या सूर्य मावळायच्या आत, कोणाही माणसाला इजा न करता, तू स्वतः ती पेटी इथे माझ्यासमोर ठेवायची.’ आज्ञार्थापेक्षा हे ‘ठेवायची’ अधिक घट्ट आहे, ते आज्ञेपेक्षा अटीसारखे ऐकू येते.

पेडण्याहून

मडगावच्या बाबांनी सांगितलेला क्रम आमच्याकडे देवापुढे घालतात त्या गाराण्यात ऐकायला मिळतो. कोणासाठी, कुठल्या घरासाठी, कुठल्या कामासाठी हे एकेक करून बोलतात आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. पण गाराण्यात चुकलेमाकले पदरात घेण्याची विनवणी असते. मांत्रिकाच्या हुकुमात ती नसते, आणि तिथेच तो अडकतो. लय गाराण्याची घ्या, विनवणी काढून टाका.

‘खरे नाव’ या संकेतासाठी आपल्याकडे ‘जन्मनाव’ तयार आहे. नक्षत्राच्या चरणावरून आलेले नाव पत्रिकेत असते, चालते नाव वेगळे असते, आणि कित्येकांचे जन्मनाव बाहेरच्यांना ठाऊकही नसते. ‘त्याचे जन्मनाव मला कळले’ असे जिन्नाने म्हटले की पुरे.

संबोधने : मांत्रिकाने जिन्नाला ‘तू’. जिन्नाने मांत्रिकाला ‘धनी’. गोव्यात घडणारी कथा असेल तर ‘पात्रांव’. हा पोर्तुगीजांपासून आलेला शब्द मालकाला आजही वापरतात, आणि तीन हजार वर्षांच्या जिन्नाने बारा वर्षांच्या पोराला तो वापरला की राग, मान आणि टोचणी तिन्ही एकत्र येतात.

जिन्नाच्या तोंडाळपणाचा सूर शोधणाऱ्यांनी दशावतारातला संकासुर ऐकावा. आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या पूर्वरंगात, तो सूत्रधाराशी बोलीत जी उलटसुलट बोलणी करतो, तोच हा सूर : असुर आहे, हरणार आहे, पण बोलण्यात हार मानत नाही.

पणजीहून, पुरवणी प्रश्न

सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. जिन्न तळटीपांतून बोलत असेल तर त्या ठेवाव्यात का? आणि तो रूपे बदलतो, तर ‘मी गेलो’ की ‘मी गेले’?

वास्कोहून

तळटीपा ठेवा, पण फक्त त्याच्या प्रकरणांत. तीन ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका, खूण वाक्याच्या शेवटीच द्या आणि हुकूम किंवा मंत्र चालू असताना मुळीच नको, तिथे वाचकाची नजर खाली गेली तर ताण तुटतो. मराठी वाचकाला तळटीप संपादित पोथ्यांमुळे आणि अभ्यासग्रंथांमुळे माहीत आहे, तिथला आवाज कोरडा असतो, म्हणून गप्पिष्ट तळटीप लगेच कानात भरते.

लिंगाचा प्रश्न खरा कठीण आहे. मराठीत ‘मी’ बोलला की क्रियापद लिंग सांगून टाकते. दोन मार्ग आहेत. पहिला, जिन्न पुल्लिंगी धरून सगळीकडे ‘गेलो’ ठेवणे, रूप मांजरीचे असो वा म्हातारीचे. वाचकाला रूपामागचा एकच जीव त्यामुळे ओळखता येतो. दुसरा, लिंग लपवणे. सकर्मक भूतकाळ लपवतो : ‘मी दार उघडले’. भविष्यकाळ लपवतो : ‘मी जाईन’. जुना रीतिभूतकाळही लपवतो : ‘मी रोज तिथे बसे’. ‘मला जावे लागले’ तर वेठीच्या जिवाला अर्थानेही जुळते. अडते ते ‘आलो, बसलो, निघालो’ यांपाशी, आणि साहसकथेत नेमकी हीच क्रियापदे सर्वांत जास्त लागतात. सबंध मालिका या मार्गाने नेणे अवघड, एखादे प्रकरण जमेल.

मांत्रिकाच्या प्रकरणांत मात्र एक सोय मराठीनेच दिली आहे. सुरुवातीला त्याने जिन्नाबद्दल ‘ते’ म्हणावे, भुताला म्हणतात तसे : ‘ते हजर झाले’. पुढे कधीतरी ‘तो’ म्हणावे. हा बदल एकदाच, एकाच वाक्यात करावा, आणि निवेदकाने त्यावर काही बोलू नये.

फोंड्याहून

‘सोडणे’ राहिले. मांत्रिकाने ‘रजा दिली’, जिन्नाने ‘सुटलो’. कराराची मुदत संपून कायमची सुटका होत असेल तिथे ‘मोकळा केला’. हा शब्द शेवटच्या भागापर्यंत कुठेही खर्च करू नका.