सुटं गराज नीट करतोय, वर माळा करावा का?

परसदार:

नमस्कार मंडळी. आम्ही क्लीव्हलंडच्या पूर्वेला राहतो, लेक ईरीचा बर्फ जिथे धो धो पडतो त्या पट्ट्यात. घर 1974 सालचं. मागच्या अंगणात, घरापासून तीसेक फुटांवर सुटं गराज आहे, 20 फूट रुंद आणि 26 फूट खोल. आतून अगदी उघडंबोडकं. ड्रायवॉल (भिंतीला-छताला मारायच्या जिप्समच्या शीट) नाही, इन्सुलेशन नाही, वीज म्हणजे मधोमध लोंबणारा एक दिवा. या उन्हाळ्यात ते नीट करायचंच असं ठरवलंय.

घाईचं कारण सांगतो. आमच्या मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचं सामान गेली सहा वर्षं आमच्याकडे आहे. बारा ढोल, पाच ताशे, झांजांची पेटी, ध्वजाच्या काठ्या, मखराच्या घडीच्या चौकटी, प्रसादाची दोन मोठी पातेली. सगळं बेसमेंटमध्ये होतं. मार्चमध्ये बेसमेंटमध्ये पाणी आलं आणि तीन ढोलांची पानं कुजून गेली. त्यातला एक ढोल माझ्या मुलीने पहिल्यांदा कमरेला बांधला होता. ते पान काढताना ती शेजारी उभी होती, एक शब्द बोलली नाही. आता हे सामान पुन्हा जमिनीच्या खाली ठेवायचं नाही.

गराजच्या दोन्ही लांब भिंतींना जोडणारी आडवी टू-बाय-फोर (नावाला 2 बाय 4 इंची) लाकडं आहेत, चार-चार फुटांवर. आधीच्या मालकाने त्यांवर प्लायवूडचे दोन तुकडे टाकून गाडीचे जुने टायर ठेवले होते, म्हणजे वजन पेलत असावीत. त्यांच्यावरच सगळीकडे पाऊण इंची प्लायवूड टाकावं, खालून ड्रायवॉल मारावं आणि ओढून उघडायची शिडी बसवावी असा विचार आहे. मधली दोन-तीन लाकडं फूट-दीड फूट वर सरकवली तर डोक्यालाही जागा मिळेल. हे बरोबर आहे का? कुणी केलंय का?

सुतारपक्षी:

परसदार, प्लायवूड आणू नका आणि त्या आडव्या लाकडांना हातही लावू नका. आधी एवढं वाचा.

पहिलं काम, टॉर्च घेऊन छताकडे नीट बघा. लाकडांच्या सांध्यांवर दातेरी पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या दिसल्या आणि मध्ये डब्ल्यूच्या आकाराच्या तिरक्या पट्ट्या असल्या, तर त्या कारखान्यात बनलेल्या ट्रस, म्हणजे छताच्या तयार त्रिकोणी चौकटी आहेत. त्यांतली एकही पट्टी कापायची नाही, खाच पाडायची नाही, आणि मुद्दाम साठवणीसाठी बनवल्या नसतील तर वर सामानही ठेवायचं नाही. चकत्या नसतील, दोन्ही बाजूंचे वासे वर जाऊन आढ्याच्या एका उभ्या फळीला टेकत असतील, तर ते जागेवर बांधलेलं छत. तुम्ही लिहिलंय त्यावरून हेच असावं.

आता त्या टू-बाय-फोरचं. ती सामानासाठी नाहीतच. वासे वरच्या भाराने खाली दबतात आणि पायाशी बाहेर फाकू बघतात, सोबत भिंतींनाही बाहेर ढकलतात. ती आडवी लाकडं दोन्ही भिंतींना आत धरून ठेवतात. इथे त्यांना राफ्टर टाय म्हणतात. काम ताणाचं आहे, ओझ्याचं नाही. तुमच्या गराजचं क्षेत्रफळ 520 चौरस फूट. ओला बर्फ फूटभर साचला तर चौरस फुटाला वीसेक पौंड धरा, म्हणजे छतावर दहा हजार पौंडांच्या वर. तो भार त्या बारीक लाकडांच्या जिवावर आहे. ती वर सरकवली की पकड कमी होते. भिंतीच्या डोक्यापासून आढ्यापर्यंतची जी उंची, तिच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यातच टाय हवा. तुमचं दीड फूट कदाचित त्यात बसेल, कदाचित नाही, आणि बसलं तरी माझ्या मते सरकवू नका.

मी हे जीव तोडून सांगतोय कारण मी नेमकं हेच केलं होतं. मिशिगनमध्ये आमचं पहिलं घर होतं. गराजमध्ये उंच कपाट ठेवायचं म्हणून मी दोन टाय कापले. एप्रिलमध्ये बाजूचा दरवाजा घट्ट बसायला लागला. मला वाटलं लाकूड फुगलं, म्हणून मी दरवाजा रंधून घेतला. जूनमध्ये भिंतीला ओळंबा लावला तर भिंतीचं डोकं दीड इंच बाहेर गेलेलं. माझा मुलगा तेव्हा रोज त्याच छताखाली सायकल लावायचा. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

टू-बाय-फोर 20 फूट लांब टांगली तर स्वतःच्या वजनानेच मध्ये झोळ घेते. त्यात अर्धा इंची ड्रायवॉलची एक शीट पन्नासेक पौंडांची, तुम्हाला सतरा लागतील. शिवाय चार-चार फुटांवर ड्रायवॉल ठोकताच येत नाही, आधार 16 किंवा फार तर 24 इंचांवर हवा.

मग माळा कुठे? मागच्या आठ फुटांत करा. मागच्या भिंतीपासून आठ फुटांवर आडवी नवी भिंत उभी करा. मागे छोटी कामाची खोली होईल आणि गाड्यांना पुढे 18 फूट उरतील. मागची भिंत ते नवी भिंत अशी टू-बाय-एटची जॉइस्ट, म्हणजे माळ्याची फळी पेलणारी आडवी लाकडं, 16 इंचांवर टाका. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, आठच फुटांचा, त्यामुळे साठवणीचा चौरस फुटाला 20 पौंडांचा भार ती आरामात घेतात. मुख्य म्हणजे हा माळा स्वतःच्या पायावर उभा राहतो, छतावर काहीच टांगलेलं नसतं. नव्या भिंतीखाली स्लॅबवर (जमिनीच्या काँक्रीटवर) फुटाला साधारण 120 पौंड येतील. स्लॅब धड असेल तर ते फार नाही, पण तडे गेलेत का बघा. जॉइस्ट टायच्या खालून घ्या. माळ्याच्या फळीवर दोन टाय साडेतीन इंच वर आलेले दिसतील, ते ओलांडून जायचं. खालच्या खोलीला सात फूट चार इंच उंची मिळते, भिंती आठ फुटांच्या असल्या तर.

छताचा उतार किती आहे? लेव्हलचं एक टोक वाशाच्या खालच्या कडेला टेकवून ती आडवी धरा, 12 इंचांवर खूण करा आणि तिथून वाशापर्यंत सरळ वर मोजा. सहा इंच आले तर आढं भिंतीच्या डोक्यापासून पाच फुटांवर आहे. म्हणजे कमरेएवढी, तीन फूट उंची मधल्या आठ फुटांतच मिळते. कडेला वाकून सरपटावं लागेल.

आणखी एक. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लांब भिंतीच्या डोक्याशी आतल्या बाजूने दोरी ताणून बघा. दोन्ही टोकांना पाऊण इंची ठोकळा ठेवून त्यावरून दोरी घ्या, आणि मधोमध दोरी ते भिंत हे अंतर मोजा. पाऊण इंचाहून जास्त आलं तर भिंत बाहेर गेली आहे. हे मोजल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका.

टिपरूवाली:

सुतारपक्षीदादा, लाकडाचं सगळं पटलं. मी ढोलांचं बोलते, न्यू जर्सीत आमच्या पथकाचं सामान आठ वर्षं माझ्या ताब्यात आहे.

परसदार, चामड्याच्या पानाचे ढोल आणि ताशे माळ्यावर ठेवू नका. काळ्या शिंगलखाली जुलैत 120 फॅरनहाइटच्या वर सहज जातं. कोरड्या उन्हात पान आखडतं, दमट हवेत सैल पडतं, आणि दोऱ्या ताणलेल्या असतील तर एक दिवस काठाशी फाटतं. मोसम संपला की दोऱ्या ढिल्या करा, पान कोरड्या फडक्याने पुसा आणि ढोल खालच्या खोलीत फळीवर, जमिनीपासून वर ठेवा. त्या खोलीला इन्सुलेशन करणारच आहात ना? मग ती खोली ढोलांची. मखर, काठ्या, पातेली आणि फायबरच्या पानांचे ढोल वर जाऊ देत.

दुसरं, शिडीचं भोक मोजलंत का? ओढून उघडायच्या शिडीचं भोक बहुतेक साडेबावीस बाय 54 इंचांचं असतं. आमचा ढोल मी मोजला, व्यास 23 इंच आणि लांबी त्याहून थोडी जास्त. कसाही फिरवला तरी जात नाही. गेला असता तरी दोन्ही हातांत ढोल घेऊन तसल्या शिडीवर चढायचं नाही, आमचा एक मुलगा पाय घसरून थोडक्यात वाचलाय. माळ्याची पुढची कड गाड्यांच्या बाजूला उघडी ठेवा, तिथे काढता येईल असा कठडा करा. एकजण वर, एकजण खाली, ढोल हातोहात चढवायचा.

ओमचा_नियम:

थोडक्यात, विजेचं. घरातून गराजकडे केबल नेण्यासाठी खणायच्या आधी 811 ला फोन करा, ते फुकट येऊन गॅसच्या आणि विजेच्या लाइनी रंगाने आखून जातात. पीव्हीसी नळीतून नेलीत तर 18 इंच खोल, साधी यूएफ केबल मातीत थेट पुरलीत तर 24. परमिट काढा, आणि इन्स्पेक्टर बघून गेल्याशिवाय ड्रायवॉल लावू नका. झाकलेलं पुन्हा उघडायला लावतात.

हवेचंही बघा. वरच्या भागाला वळचणीशी आणि आढ्याशी झरोके हवेत. क्षेत्रफळाचा 150 वा हिस्सा धरतात, तुमच्या सगळ्या छताला साडेतीन चौरस फूट होतात. माळ्यावरची खोकी वळचणीपर्यंत रेटू नका, झरोके बुजतात आणि थंडीत वाशांना आतून पाणी सुटतं.

परसदार:

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मुलीला घेऊन मोजमाप केलं.

चकत्या नाहीत, वासेच आहेत. उतार बारा इंचांना सहा, म्हणजे दादांचा अंदाज तंतोतंत. टाय मोजले तर चार-चार फुटांवर नाहीत. दरवाजाकडून तिसरा टायच नाही, तिथे आठ फुटांची मोकळी जागा आहे. वाशाच्या बाजूला करवतीने कापलेले, गंजलेले तीन खिळे राहिलेत. मी सहा वर्षं त्याखाली गाडी लावतोय आणि कधी मान वर करून बघितलं नाही.

दोरी लावली. दक्षिणेची भिंत पाऊण इंच, बरोबर. उत्तरेच्या भिंतीला मधोमध ठोकळा धरला तर तो दोरीला लागेच ना. सव्वा इंच आलं. मुलीने दोनदा मोजलं, तेवढंच.

गाड्या बाहेर काढल्यात. दोरीच्या वेळी काढलेला उत्तरेच्या भिंतीचा फोटो टाकतोय, बघा.

सुतारपक्षी:

फोटो बघितला. सव्वातून ठोकळ्याचा पाऊण गेला, म्हणजे भिंत अर्धा इंच बाहेर. हे आज-उद्या कोसळणारं नाही, पण पुढचा हिवाळा असाच जाऊ देऊ नका. कापलेल्या जागी टाय लगेच ठोकू नका. तसा ठोकलात तर भिंत आहे त्याच वाकड्या जागी धरली जाईल. आधी आत ओढावी लागेल, टेकू देऊन, हळूहळू, आणि ते तुम्ही एकट्याने करायचं काम नाही. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. पैसे लागतील, पण तो सहीचा कागद देतो, तोच परमिटला चालतो. नव्या माळ्याचा नकाशाही त्याच भेटीत त्याच्यासमोर ठेवा, आठ फुटांचा गाळा आणि टू-बाय-एट सांगा. तोपर्यंत छताखाली मुलांना खेळू देऊ नका.

परसदार:

इंजिनियर गुरुवारी सकाळी नऊला येतोय. ढोल तोवर शेजारच्या काकूंच्या वरच्या मजल्यावर नेलेत, टिपरूवालीताईंनी सांगितल्याप्रमाणे दोऱ्या ढिल्या करून. कुजलेल्या तीन पानांपैकी एक नवं चढवलंय, मुलीच्या ढोलाचं. गुरुवारी इंजिनियर काय म्हणतो ते इथेच लिहितो.