अनुभव धागा: पडद्यावरचा पुढचा जेम्स बाँड निवडायचा कसा? नावं नकोत, कसोट्या द्या

अलका टॉकीजचा चौक असो की मल्टिप्लेक्समधलं मध्यंतर, बाँडचा विषय निघाला की पाच मिनिटांत दहा नावं पुढे येतात आणि चर्चा तिथेच अडकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनने या मालिकेची सर्जनशील सूत्रं हातात घेतली. त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट यांची नावं जाहीर झाली. आता नायकाबद्दल बोलायचं, तर कामाचं बोलू.

पुण्यात नाटक, चित्रपट, डबिंग, शिवणकाम, मारामारीची दृश्यं असं काम करणारे पुष्कळ लोक आहेत. ज्यांचा ज्या कामात हात आहे त्यांनी त्या कामातून लिहा: उमेदवार समोर उभा केला तर नेमकं काय तपासाल, कसं तपासाल आणि कुठे फसतं? आवडतं नाव मनात असू द्या, इथे कसोटी लिहा.

डेक्कन, निर्मितीची वेळापत्रकं

वयापासून सुरुवात करा. बाँड म्हणून पहिला चित्रपट पडद्यावर आला तेव्हाची नटांची वयं अशी: शॉन कॉनरी ३२ (१९६२), जॉर्ज लेझनबी ३० (१९६९), रॉजर मूर ४५ (१९७३), टिमथी डाल्टन ४१ (१९८७), पिअर्स ब्रॉस्नन ४२ (१९९५), डॅनियल क्रेग ३८ (२००६).

नुसत्या या आकड्यांवरून भांडण होतं, कारण दोन चित्रपटांमधलं अंतर कोणी धरत नाही. सोपं सूत्र आहे: पहिल्या चित्रपटाच्या वेळचं वय, अधिक (एकूण चित्रपट वजा एक) गुणिले सरासरी अंतर. मूरचे सात चित्रपट दोन-दोन वर्षांच्या अंतराने झाले. ४५ अधिक १२, म्हणजे १९८५ मध्ये ५७. क्रेगचे पाच, सरासरी अंतर पावणेचार वर्षं. ३८ अधिक १५, म्हणजे २०२१ मध्ये ५३. मूरला क्रेगचं अंतर लावून बघा: सातव्या चित्रपटाला तो ६७ वर्षांचा झाला असता. १९७३ मध्ये पंचेचाळिशीचा नायक चालला तो वेगामुळे. आजच्या वेगात तो चालणार नाही.

अंतर साडेतीन वर्षं धरलं, पाच चित्रपट हवे असतील आणि शेवटचा ५३ च्या आत, तर पहिल्या प्रदर्शनाला वय ३९ च्या पुढे नको. त्यातून तयारी, चित्रीकरण आणि संकलनाची दोन वर्षं वजा करा. सही करताना ३७. गंमत म्हणजे बाँडचा मूळ लेखक इयान फ्लेमिंग याच्या 'मूनरेकर' कादंबरीतल्या बाँडचं वय हेच निघतं: दोन शून्यांच्या यादीतून (००७ सारखे क्रमांक असलेले, मारण्याचा परवाना मिळालेले हेर) ४५ व्या वर्षी निवृत्ती, आणि त्याला आठ वर्षं बाकी. फार कोवळा घेतला तर वेगळी अडचण येते. हा माणूस नौदलात कमांडर आहे. पंचविशीतल्या चेहऱ्यावर तो हुद्दा बसत नाही, मग पटकथेला त्याची सबब शोधत बसावी लागते.

प्रभात रोड, करारनाम्यांचं काम

वयाआधी मी कागद मागेन. १९८६ मध्ये ब्रॉस्नन जवळजवळ ठरला होता. त्याची दूरचित्रवाणी मालिका बंद झाली होती, पण करारात वाहिनीला ती पुन्हा सुरू करण्यासाठी साठ दिवसांची मुदत होती. बाँडच्या बातमीने मालिकेकडे लक्ष वळलं, मुदत संपता संपता वाहिनीने हक्क वापरला आणि भूमिका डाल्टनकडे गेली. ब्रॉस्ननला नऊ वर्षं थांबावं लागलं.

म्हणून प्रश्न या क्रमाने विचारा. चालू मालिकेचे किती हंगाम बांधलेले आहेत? हंगाम रद्द झाल्यावर पर्यायाची मुदत किती दिवस? तारखा भिडल्या तर पहिला हक्क कोणाचा? दुसऱ्या एखाद्या मोठ्या चित्रपट मालिकेत पुढच्या भागांची सही झाली आहे का? आणि दाढी-केसांवर कोणाचं बंधन आहे? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुनर्चित्रीकरणाच्या वेळी तोच पेटतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कागद मोकळा असून मन नसेल तरी उपयोग नाही. लेझनबीला पुढच्या चित्रपटांसाठी लांबचा करार देऊ केला होता. पहिला चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच त्याने मालिका सोडली आणि १९७१ च्या चित्रपटासाठी कॉनरीला परत आणावं लागलं.

लॉ कॉलेज रोड, अभिनय चाचण्या घेणारी

या मालिकेची चाचणी कोणत्या प्रसंगावर घेतात हे ठाऊक असेल तर अर्धे वाद मिटतात. १९६३ च्या दुसऱ्या चित्रपटातला हॉटेलच्या खोलीचा प्रसंग: बाँड खोलीत येतो, शर्ट काढतो, आवाज ऐकू येतो, पिस्तूल घेऊन आत जातो, तर पलंगावर एक अनोळखी स्त्री. १९८६ मध्ये सॅम नीलची चाचणी याच प्रसंगावर झाली. त्याआधी १९८३ च्या चित्रपटासाठी जेम्स ब्रोलिननेही तो केला होता. दोघंही बाँड झाले नाहीत.

प्रसंग छोटा आहे आणि त्यात सगळं येतं: एकटा असतानाचं शरीर, संशय, शस्त्र, मग सावधपणा न सोडता केलेली लाडीगोडी. तीन टेक घ्या. पहिला संवादांशिवाय. दुसरा संवादांसह, पण निम्म्या आवाजात. तिसऱ्याआधी मुद्दाम उलटी सूचना द्या, 'ही बाई कोण आहे हे तुला आधीपासून माहीत आहे'. तिसऱ्या टेकमध्ये काही बदललं नाही, तर नट घरून ठरवून आलाय आणि सूचना घेत नाही हे कळतं. पाच चित्रपटांत दिग्दर्शक बदलत जातात, तेव्हा हा दोष महागात पडतो.

नेहमी होणाऱ्या चुका सांगते. आवाज ऐकू आल्यावर नट मान वळवतो. शिकलेला माणूस आधी थांबतो, श्वास रोखतो, मग वळतो. पिस्तूल उचलताच बोट थेट चापावर जातं, ते बाहेर सरळ हवं. आणि सगळ्यात जास्त वेळा हसू वाक्याच्या आधी येतं. विनोद करायचाय हे चेहऱ्याने आधीच सांगितलं की वाक्य मेलं. चाचणी एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्हींत माणूस एकच वाटला पाहिजे.

कॅम्प, पुरुषांचे सूट

उंचीवरून फार वाद घालू नका. फ्लेमिंगने बाँडची उंची १८३ सेंटिमीटर आणि वजन ७६ किलो लिहिलंय. कॉनरी त्याहून उंच होता, क्रेग कमी. उंची कापडाने सावरता येते: कोट अर्धा इंच आखूड, बटण थोडं वर, पँटला दुमड नाही. खांद्याचा उतार आणि मानेचा पुढे आलेला बाक सावरता येत नाही. मान पुढे असेल तर कॉलर मागून उठते आणि पाठमोऱ्या प्रत्येक शॉटमध्ये फट दिसते. म्हणून उमेदवाराला पाठमोरा उभा करा, दोन्ही हात वर करायला सांगा आणि कॉलर मानेला चिकटून राहते का ते बघा.

हात वर केल्यावर अख्खा कोट वर गेला तर मुंढा (बाही जोडतात तो घेर) खाली कापलाय. मुंढा वर, काखेजवळ घ्यावा लागतो. अंगावर घट्ट वाटतो, पण हात मोकळा फिरतो. खांद्याचं पिस्तुलाचं म्यान असेल तर डाव्या छातीला साधारण इंचभर जास्त सैलपणा ठेवा आणि ट्रायल म्यान बांधूनच घ्या. नंतर बांधलं तर बटणापाशी आडव्या सुरकुत्या पडतात. छातीला कॅनव्हास हवा. चिकटवलेलं बकरम घामाने आणि पाण्याने फुगे धरतं. पँटच्या आसनाला आतून चौकोनी तुकडा घाला, नाहीतर पहिल्याच उडीत शिवण उसवते. एकाच सूटच्या अनेक प्रती लागतात: स्वच्छ, मळका, भिजलेला, फाटलेला. स्टंट करणाऱ्याची प्रत वेगळ्या मापाची, कारण आत गुडघ्या-कोपराला पॅड असतात.

कॉनरीला हे सगळं आयतं मिळालं नव्हतं. दिग्दर्शक टेरेन्स यंग त्याला स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे घेऊन गेला. सूट घालून वावरणं शिकता येतं. चाचणीच्या दिवशी सूटमध्ये अवघडलेल्या माणसाला एवढ्यावरून बाद करू नये.

सिंहगड रोड, मारामारीची दृश्यं बसवणारा

गुडघे आणि घोटे. छातीचे फोटो नंतर. 'स्पेक्टर' या बाँडपटाच्या वेळी क्रेगच्या गुडघ्याला इजा झाली, आणि २०१९ मध्ये जमैकात घोट्याला, ज्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. नायक जायबंदी झाला की वेळापत्रक विस्कटतं, म्हणून जुन्या दुखापतींची यादी आधी घ्या.

माझी चाचणी साधी. तीन मजले पळत चढायला लावा आणि वर पोचल्यावर दहा सेकंदांच्या आत दोन ओळींचा संवाद बोलायला सांगा. धापेतही शब्दांची शेवटची अक्षरं ऐकू आली पाहिजेत. मग हवेतला ठोसा. समोरच्यापासून दीड-दोन हात अंतर, कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागे. रेषा बरोबर असेल तर फटका लागल्यासारखाच दिसतो. नवखा नट अंतर खातो आणि समोरच्याला खरोखर लागतं. लेझनबीच्या चाचणीत समोरच्या कुस्तीगिराचं नाक फुटलं होतं. त्या वेळी तो गुण ठरला, आज कोणी ठरवू नये. समोरच्याला सांभाळणं हा कामाचाच भाग आहे.

चामड्याच्या तळव्याचे बूट ओल्या फरशीवर घसरतात. धावायच्या जोडीला खालून रबराचा पातळ थर चिकटवा. उघड्या अंगाचं दृश्य आणि स्टंट एका दिवशी ठेवू नका. स्नायू उठून दिसावेत म्हणून पाणी कमी केलेलं असतं, पोटऱ्यांत गोळे येतात.

एरंडवणे, डबिंग आणि आवाज

'ब्रिटिशच हवा' असं म्हणणाऱ्यांसाठी: लेझनबी ऑस्ट्रेलियन, ब्रॉस्नन आयरिश. जन्मगाव अडत नाही, बोलणं अडतं. लेझनबीच्याच चित्रपटात बाँड दुसऱ्या माणसाचं सोंग घेतो, तो भाग जॉर्ज बेकर या दुसऱ्या नटाच्या आवाजात आहे.

आपल्याकडे हिंदीत ऐकणाऱ्यांसाठी नवा चेहरा म्हणजे नवा डबिंग कलाकार. आवाज जाड आहे म्हणून निवडू नका, श्वासाची लांबी जुळवा. मूळ नट एका श्वासात किती बोलतो ते मोजा, तेवढ्यातच हिंदी वाक्य बसलं पाहिजे. 'बाँड, जेम्स बाँड' ही नाव सांगण्याची ओळ सोपी वाटते, पण 'ब' आणि 'म' ला ओठ मिटतात. मध्ये जो थांबा आहे तो कमी केला तर ओठ उघडे आणि आवाज बंद अशी चूक लगेच दिसते.

कोथरूड, नाटकाचं व्यवस्थापन आणि संकलन

मराठी रंगभूमीला रिप्लेसमेंट नवी नाही. 'नटसम्राट'मध्ये डॉ. लागूंनंतर दत्ता भटांनी बेलवलकर उभा केला आणि लोकांनी तो स्वीकारला. नवा नट पहिल्यांदा कसा दिसतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

बाँडमध्ये हे दर वेळी वेगळ्या रीतीने सोडवलंय. कॉनरी: जुगाराच्या टेबलावर आधी हात आणि पाठ, चेहरा नाव सांगतानाच. लेझनबी: चेहरा लपवत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला आणि मग त्याच्याच तोंडून आधीच्या माणसाचा उल्लेख. मूर: शीर्षकाआधीच्या प्रसंगात बाँड नाहीच. डाल्टन: जिब्राल्टरवर तीन एजंट पॅराशूटने उतरतात, त्यातला बाँड कोणता हे त्याने मान वळवेपर्यंत कळत नाही. ब्रॉस्नन: धरणावरून उडी, नंतर उलटा लटकलेला चेहरा. क्रेग: कृष्णधवल प्राग, अंधाऱ्या खोलीत आधीच बसलेला.

दुसरी गोष्ट आजूबाजूची माणसं. लोइस मॅक्सवेल १९६२ ते १९८५ मनीपेनी (बाँडच्या वरिष्ठाची सचिव) होती, डेस्मंड लुएलिन १९६३ ते १९९९ मधल्या सतरा चित्रपटांत क्यू (बाँडला उपकरणं पुरवणारा). नायक बदलला तरी कचेरी तीच, त्यामुळे प्रेक्षकाला घर ओळखीचं वाटायचं. २००६ मध्ये कथा नव्याने सुरू केली, तेव्हाही एमच्या, म्हणजे बाँडच्या वरिष्ठाच्या, खुर्चीत जुडी डेंचला ठेवलं. २०२१ मध्ये बाँड मेला, म्हणजे यावेळी तोही धागा तुटलाय. माझं स्पष्ट मत: नवा नायक आणि नवी कचेरी दोन्ही एकदम आणायची असतील, तर नायकाचा पहिला प्रसंग कचेरीत नको. त्याला एकट्याला, कामात बुडालेला दाखवा.

डेक्कन, वरचाच वेळापत्रकवाला

वर सूट आणि शरीराची तयारी हे दोन्ही आलं म्हणून भर घालतो. क्रेगचं नाव ऑक्टोबर २००५ मध्ये जाहीर झालं आणि चित्रपट नोव्हेंबर २००६ मध्ये लागला. मध्ये तेरा महिने. सूटची मापं चाचणीच्या वेळी घेऊन उपयोग नाही. व्यायामाने छाती-मान बदलते, अंतिम ट्रायल चित्रीकरणाच्या तोंडावरच.

औंध, कॅमेरा विभाग

बाँडपटांत बंदुकीच्या नळीतून दिसणारी बाँडची ती ठरलेली चाल कोणीच लिहिली नाही. पहिल्या तीन चित्रपटांत ती कॉनरी चाललाच नाही, स्टंट करणारा बॉब सिमन्स चालला. कॉनरीची स्वतःची चाल १९६५ पासून. लेझनबी गोळी झाडताना गुडघ्यावर बसतो. मूरने टोपी काढली आणि दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं.

उमेदवाराकडून हे करून घ्यायला पाच मिनिटं लागतात. पांढरी भिंत, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, लांब लेन्स. उजवीकडून डावीकडे दहा पावलं, मग झटकन वळून नेम. दोन गोष्टी बघा: वळण्याआधी पावलांचा वेग कमी होतो का, आणि वळल्यावर डोकं आधी स्थिर होतं की हात. वेग आधीच कमी झाला तर त्याला वळायचंय हे आपल्याला कळतं. डोकं आधी स्थिर व्हायला हवं, हात त्याच्या मागून. दहा टेक घ्या. सातव्या-आठव्या टेकनंतर माणूस अभिनय सोडून नुसता चालायला लागतो, त्यातलाच एक जपून ठेवा.