मदत हवी आहे: ऑनलाइन काव्यवाचनात जात्याची घरघर ऐकूच येत नाही

नमस्कार मंडळी. कोथरूडमधून आम्ही दहा-बाराजण दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ऑनलाइन काव्यवाचन करतो. ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, प्रत्येकी पाच मिनिटं.

गेल्या वेळी मुळशीहून एक आजी आल्या. नातीने फोन पाटावर, तांब्याला टेकवून ठेवला होता. आजींनी जात्याचा खुंटा धरला, ओवी सुरू केली, आणि आम्हाला जातंच ऐकू येईना! ओवीची लय जात्याच्या फेऱ्यावर चालते. तो आवाज गेला की ओवी उघडी पडते. शेवटी आजींचा सूर खाली उतरायचा, तोही मधेच गायब. नात म्हणाली, "इथे तर अख्खी ओसरी घुमतेय." फार वाईट वाटलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात मुळशीच्याही आहेत. इथे आजी समोर बसल्यात आणि आपण त्यांना नीट ऐकू शकत नाही.

ॲप सततच्या घरघरीला गोंगाट समजून गाळतं. लॅपटॉपवर 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता जसाच्या तसा पाठवणारी सेटिंग) चालू केल्यावर माझा तंबोरा नीट ऐकू गेला. आजींकडे मात्र साधा अँड्रॉइड फोन आहे. फोनवर हे कुणी करून पाहिलंय का? कॉलर माईक पदराला लावावा की जात्याजवळ ठेवावा? आधी रेकॉर्ड करून ऐकवा, असं कृपया सुचवू नका. आजींना समोरून 'वा' म्हणणारं माणूस हवंय.

पुढची बैठक याच शनिवारी आहे. त्याआधी एखाद्या संध्याकाळी पंधरा मिनिटं चाचणीला कुणी बसाल का?