पहिले ७२ तास मालिशीत घालवू नयेत

देवगडच्या काकांचे तोंड एका रात्रीत वाकडे झाले आणि ‘खारा वारा लागला, मालिशीने उतरेल’ असे घरच्यांनी ठरवले, हे वाचून काळजी वाटली. तोंड वाकडे होऊनही कपाळाला आठ्या नीट पडत असतील, किंवा हात लुळा पडून जीभ अडखळत असेल, तर पक्षाघात समजून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. कपाळासह अर्धा चेहरा हलत नसल्यास बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा लकवा, असते. तरीही निदान डॉक्टरांनीच करावे, कारण प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध ७२ तासांच्या आत सुरू झाले तर खरा लाभ होतो. स्कॉटलंडमधील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर हे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. मधुमेह असल्यास या औषधाने साखर वाढते, तेही आधीच सांगावे.

माझ्या आत्याला हाच आजार झाला तेव्हा तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून चहा ओघळत असे, त्याचीच सर्वांना चिंता होती. झोपेत अर्धवट उघडा राहणारा डोळा मात्र कोणाच्या लक्षात आला नव्हता. तो कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते, म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवावी आणि किनाऱ्यावरच्या वाळूवाऱ्यात चष्म्याशिवाय फिरू नये.