मदत हवी आहे: माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 खाली वगळलेल्या दलाकडून वडिलांच्या सेवापुस्तकाची पाने मिळू शकतात का?

नमस्कार. माझे वडील केंद्र सरकारच्या एका सशस्त्र दलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनाच्या कागदांत त्यांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा 2 वर्षांनी कमी धरली आहे. ती का कमी धरली, हे सेवापुस्तकातली त्या काळातली पाने पाहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून मी 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहिती अधिकारात छायाप्रती मागितल्या. उत्तर एका ओळीचे आले: कलम 24(1) नुसार या संघटनेस अधिनियम लागू नाही. खाली निळा गोल शिक्का आहे, पण अपील कोणाकडे करायचे याचा उल्लेख नाही.

कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतील (म्हणजे कलम 24 ची सवलत मिळालेल्या संघटनांच्या यादीतील) संघटना वगळलेल्या असल्या, तरी भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांसंबंधीची माहिती त्या सवलतीत येत नाही, हे मी वाचले आहे; हक्कभंगाची माहिती केंद्रीय माहिती आयोगाच्या मंजुरीनंतर 45 दिवसांत द्यावी लागते. सीबीआयचे नाव 2011 मध्ये या अनुसूचीत आले, तरी भ्रष्टाचाराच्या आरोपांची माहिती तिला सरसकट नाकारता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितले. माझी अडचण अशी की, आमच्या प्रकरणात कोणी पैसे खाल्ले असा माझा आरोप नाही, आणि केवळ माहिती मिळावी म्हणून तो मी करणारही नाही.

खबऱ्यांची नावे किंवा तुकड्यांच्या हालचाली गुप्तच राहिल्या पाहिजेत. पण देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती नाकारण्याची सोय कलम 8(1) मध्ये आधीपासून असताना, सगळे कार्यालयच कायद्याबाहेर काढण्याची गरज मला पटत नाही. सरन्यायाधीशांचे कार्यालय सार्वजनिक प्राधिकरण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवले, तेव्हाही कोणती माहिती द्यायची हे प्रत्येक प्रकरणात तपासण्याची वाट मोकळी ठेवलीच होती. मग एका हवालदाराच्या रजेच्या नोंदी तपासून का देता येऊ नयेत?

जाणकारांना विनंती आहे की, निवृत्तिवेतन अडणे हा मानवी हक्कभंग म्हणून आयोगापुढे मांडल्याचा कोणाला अनुभव असल्यास कृपया कळवावे. तसेच हा मुद्दा प्रथम अपिलात नव्याने घेता येतो, की नवा अर्ज करावा लागतो? उत्तर मिळून 18 दिवस झाले आहेत आणि अपिलाची मुदत 30 दिवसांची आहे.